गाणं तिरडीच्या आधी यायला हवं

आमच्याकडे माणूस गेला की दोन निरोप लगेच जातात. एक पाहुण्यांना आणि दुसरा भजनी मंडळाला. मंडळ तासाभरात येतं. गळ्यात टाळ अडकवलेले पाच-सात जण, एक पखवाजवाला, एक पेटीवाला. तिरडी बांधून होईपर्यंत अंगणात अभंग सुरू झालेला असतो आणि स्मशानाच्या फाटकापर्यंत तो थांबत नाही. पुढे दहाव्याला प्रवचन, तेराव्याला कीर्तन. माळकरी घर असेल तर वर्षश्राद्धालाही भजन. मरणाला इतकं गाणं देणारा समाज सहसा सापडायचा नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण ज्याच्यासाठी हे सगळं गायचं, त्याच्या कानावर यातलं काहीच पडत नाही. चार दिवसांपूर्वी पडलं असतं. तेव्हा तो दवाखान्यात होता, नाकातोंडावर मास्क होता, डोक्याशी यंत्र वाजत होतं, आणि घरची माणसं खाली पायरीवर बसून भेटीच्या वेळेची वाट बघत होती.

हे गाणं चार दिवस आधी यायला हवं, आणि ते त्या माणसाचं स्वतःचं गाणं असायला हवं. मला एवढंच म्हणायचं आहे. ते मी कुठून म्हणते, हे सांगण्यासाठी मला आत्याबद्दल लिहावं लागेल.

आत्या सोलापुरात विडी कामगार होती. लग्नानंतर पूर्व भागात राहायला गेली आणि चाळीस वर्षं तिथल्या एकाच गल्लीत विड्या वळल्या. लहानपणी सुट्टीत गेले की मी ओट्यावर तिच्याशेजारी बसायचे. बायकांच्या मांडीवर सुपं. सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. पान फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड नखाने मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांवर मजुरी. बोटं थांबली की पैसे थांबले, म्हणून बोटं कधीच थांबायची नाहीत. तोंडं मात्र मोकळी असायची आणि गल्ली गात असायची. बहुतेक घरं तेलुगू, पद्मशाली समाजाची. गाणीही तेलुगूच.

सत्तरी ओलांडल्यावर तिला झटका आला, मग फुप्फुसात संसर्ग झाला. अतिदक्षता विभागात ती अकरा दिवस होती. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, एका वेळी एकच माणूस, असा नियम. चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरांनी आतेभावाला बाजूला घेऊन सांगितलं, की आता आमच्या हातात फारसं काही राहिलेलं नाही. नियम मात्र तोच राहिला. उपचार संपल्यावरही माणसाला उपचाराच्याच शिस्तीत ठेवलं जातं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

आतेभावाने नामजपाचं छोटं यंत्र आणलं होतं, बाजारात मिळतं ते, एकच ओळ दिवसरात्र म्हणणारं. सिस्टर भल्या होत्या, त्यांनी ते उशीजवळ ठेवू दिलं. आत्या तोंड दुसऱ्या बाजूला वळवायची. आम्हाला वाटायचं, मास्क टोचतोय. नवव्या दिवशी तिच्या गल्लीतली एक तेलुगू मावशी भेटायला आली. आपल्या वाट्याची दहा मिनिटं वहिनीने तिला दिली. मी दाराच्या काचेतून बघत होते. मावशी वाकली आणि म्हणाली, "अक्का, मी आलेय ओ. सूप घेऊन बसलेय बघ." मग तिने जपाचं यंत्र बंद केलं आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी गुणगुणू लागली. अगदी हळू. दारातून मला शब्द कळत नव्हते, चालसुद्धा तुटक ऐकू येत होती.

आत्याचा उजवा हात पांघरुणावर होता. आधीही तो अधूनमधून चादर चाळवायचा, डॉक्टर म्हणाले होते की शेवटी असं होतं, त्याला अर्थ नसतो. मावशी गाऊ लागल्यावर त्याच हाताने चादरीची कड धरली. अंगठा आणि पहिलं बोट. कड वळली, सुटली, पुन्हा वळली. दोन मिनिटं, फार तर तीन. मग वॉर्डबॉय आला आणि म्हणाला, मावशी, इथं गाणं नको, बाकीचे पेशंट आहेत.

ती हालचाल म्हणजे उत्तर होतं की नुसतं शरीराचं चाळवणं, हे ठामपणे मी सांगणार नाही. वहिनीलाही ते दिसलं आणि मलाही, एवढं खरं. दोन दिवसांनी पहाटे तीनला फोन आला. सकाळी भजनी मंडळ आलं, तासभर सुंदर गायलं. आत्याने उभ्या आयुष्यात कधी भजन म्हटल्याचं मला आठवत नाही. तिचं गाणं कोणतं, हे आम्हा घरच्यांपैकी कुणालाही माहीत नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

महिन्याभराने मी मावशीकडे जाऊन त्या गाण्याचा अर्थ विचारला. मला वाटत होतं, देवाचं असेल, निदान मरणाबिरणाचं. ती म्हणाली, छे, सासू मिरच्या मोजून देते आणि कालवण तिखट झालं नाही म्हणून सुनेलाच बोलते, त्याचं आहे. चाळीस वर्षं त्या ओट्यावर ते गाणं विड्यांच्या लयीत चाललं होतं. आत्याला तेलुगू बेताचंच यायचं. गाणं मात्र पाठ होतं.

हे आठवलं की मला आपल्या जुन्या घरांतलं मरण दिसतं. माणूस घरातच जायचा तेव्हा त्याच्याजवळ आवाज असायचा. कुणी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचं, कुणी विष्णुसहस्रनाम, माळकऱ्यांच्या घरी हरिपाठ. मुसलमान घरात कुराणातली यासीन सुरू होते. जैनांमध्ये सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत मरण स्वीकारायचं व्रत, घेतलेल्या व्यक्तीभोवती णमोकार मंत्र आणि स्तवनं दिवसरात्र चालतात, कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसांनी हे जवळून पाहिलेलं असतं. काशीच्या मुक्तिभवनात मरणासाठी आलेल्या माणसाला दोन आठवड्यांपुरती खोली मिळते आणि तिथे रोज भजन होतं. श्रद्धा वेगवेगळ्या, पण सगळ्यांनी एक गोष्ट धरून चाललेलं दिसतं, की जाणाऱ्याचे कान उघडे आहेत. तोंडात तुळशीपत्र आणि कानात नाव, असा आपला रिवाज. जीभ गिळायची थांबली तरी कान घेतात, हे म्हाताऱ्या बायकांना ठाऊक होतं.

अलीकडे त्याला थोडा शास्त्राचाही आधार मिळाला आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हॉस्पिसमधले, म्हणजे बरे न होणाऱ्यांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या ठिकाणचे, शेवटच्या काही तासांत पोहोचलेले, हाकेला ओ न देणारे रुग्ण. त्यांच्या डोक्याला तारा लावून सूर ऐकवले आणि मध्येच ते बदलले. त्यांपैकी काहींच्या मेंदूने त्या बदलाला दिलेला प्रतिसाद धडधाकट तरुणांच्या प्रतिसादासारखाच होता. मेंदू ऐकत होता, एवढंच त्यातून दिसतं. त्याला ते समजत होतं का, आईचा आवाज आईचा म्हणून कळत होता का, ते या तारा सांगत नाहीत, आणि संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. माझ्यापुरता मी त्यातून एक निष्कर्ष काढते. ऐकू येत नसेल तर गाण्याने काही बिघडत नाही. ऐकू येत असेल, आणि आपण गप्प बसलो किंवा त्याच्या उशाशी उभं राहून खर्चाच्या, वाटणीच्या गोष्टी केल्या, तर ते पुन्हा भरून काढता येत नाही.

मरणाऱ्याच्या वेदनेचा विचार नव्याने सुरू झाला तो लंडनमध्ये. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. त्यांचं म्हणणं असं, की वेदना एका जागी नसते. हाड दुखतं, त्याबरोबर मन दुखतं, मागे राहणाऱ्यांची काळजी दुखते, आणि 'मीच का' हा प्रश्नही दुखतो. हे सगळं मिळून एकच दुखणं. गोळी त्यातल्या एका भागापर्यंत पोहोचते. पुढे माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात बालफोर माउंट यांनी असाच विभाग सुरू केला आणि तिथे संगीतोपचारक सुझन मन्रो रुग्णांच्या खाटेपाशी बसू लागल्या. त्या दोघांचा त्यावरचा लेख १९७८ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे ही कल्पना काल-परवाची नाही, तिला चाळीसहून अधिक वर्षं झाली.

अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मिझूला गावी थेरेस श्रोडर-शेकर यांनी जे केलं, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. त्या हार्प वाजवतात. मरणाऱ्याच्या खाटेपाशी बसून आधी नुसता त्याचा श्वास बघायचा, आणि मग त्या श्वासाच्या चालीने वाजवायचं. ठरलेला ताल नाही. शेवटी श्वास कसा चालतो, हे ज्याने जवळ बसून पाहिलंय त्याला ठाऊक आहे: खोल, अधिक खोल, मग उथळ, मग काहीच नाही, आणि आपला जीव कंठाशी आला की पुन्हा एक. अशा श्वासाला ठेका घातला तर तो त्याला ओढतो. गाण्यानेच त्याच्यासाठी थांबायचं असतं. ध्वनिमुद्रणाला हे कसं जमणार? जपाच्या यंत्राला समोरचा श्वास अडकलाय हे कळत नाही, मावशीला कळत होतं. ती ओळ अर्धी सोडत होती, थांबत होती, पुन्हा धरत होती.

आपल्या आयांना ही विद्या येते. बाळ झोपेला आलं की अंगाईचे शब्द गळत जातात, नुसता हुंकार उरतो, तोही लांबत जातो आणि मग थांबतो. आयुष्याच्या या टोकाला जे आपल्याला शिकवावं लागत नाही, ते त्या टोकाला आपण का विसरतो?

इथे मला एका बाजूला ठाम राहायचं आहे. गाणं औषधाची जागा घेऊ शकत नाही. कर्करोग हाडात उतरलेल्या माणसाला वेदना शमवणारं मॉर्फिन हवं असतं, आणि ते मिळत नसताना त्याच्यापुढे भजन लावणं ही क्रूरता आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने आपल्याकडे मॉर्फिन परवान्यांच्या जंजाळात अडकवलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली, तरी तालुक्याच्या गावी आजही ते सहज हाती लागत नाही. २०१५ साली 'मरण कुठे किती सुसह्य आहे' याची ८० देशांची क्रमवारी प्रसिद्ध झाली होती, तीत भारत ६७वा होता. अशा देशात संगीतोपचाराची हौस कशाला, असं कुणी म्हणालं तर मला ते म्हणणं समजतं. गाण्याच्या परिणामांचे पुरावेही अजून बेताचेच आहेत. २०१० मध्ये या विषयावरचे धड अभ्यास गोळा करून जो आढावा घेतला गेला, त्यात जेमतेम पाच अभ्यास आणि १७५ रुग्ण निघाले. शेवटचे दिवस कदाचित जरा बरे जातात, एवढंच म्हणण्याइतपत आधार आहे. वेदना किंवा चिंता कमी होते, याला त्यात फारसा आधार मिळाला नाही. आयुष्य वाढतं किंवा रोग हटतो, असं म्हणायला काहीही आधार नाही.

म्हणूनच रागोपचाराच्या नावाने जे चाललंय त्याला माझा विरोध आहे. अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग कर्करोगावर, अशी कोष्टकं फिरत असतात. त्यांना पुरावा नाही आणि मरणाच्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला ती विकणं हे पाप आहे. दुसरी भीती मोठ्या रुग्णालयांची. उद्या बिलात 'म्युझिक थेरपी, प्रतिदिन' अशी एक ओळ वाढेल, भिंतीतल्या स्पीकरमधून सगळ्यांना एकच बासरी ऐकवली जाईल, आणि आपण काहीतरी केलं असं सगळ्यांना वाटेल. जो माणूस हात उचलून आवाज बंद करू शकत नाही, त्याला नको असलेलं संगीत ऐकवणं हा छळ आहे. माझी आत्या तोंड वळवत होती. आम्ही पाच दिवस मास्क सारखा करत राहिलो.

गाणं महाग नाही, हे मात्र गरिबीच्या युक्तिवादाला माझं उत्तर आहे. मॉर्फिनसाठी परवाना लागतो, डॉक्टर लागतो, साठा लागतो. गाण्यासाठी एक माणूस लागतो, त्याला आत बसायला जागा लागते आणि वेळ लागतो. यातलं माणूस आपल्याकडे आहे, अडलंय ते जागेवर आणि वेळेवर.

वेळेचं तर रुग्णालय आजही ठरवू शकतं. बरं होण्याची आशा असलेल्या रुग्णाजवळ गर्दी नको, संसर्ग नको, हे पटतं. पण डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं की आता काही उरलं नाही, तर त्या क्षणापासून त्या खाटेचा नियम बदलायला हवा. पडदा ओढा, कोपऱ्यातली खाट द्या, घरच्या दोघांना सलग बसू द्या. मॉनिटरचा आवाज बंद करा. आकडे सिस्टरांच्या टेबलावर दिसू देत, आईच्या कानाशी ते वाजायची काय गरज आहे? कायद्याने रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णाच्या खोलीत रात्री ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अतिदक्षता विभागात एक रात्र उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, तिथे काय असतं ते. पंपांची टिकटिक, गजर, ट्रॉल्या, पहाटे चारला फरशी पुसणाऱ्यांच्या बादल्या. एवढ्या आवाजात एका बाईचं कानाशी गुणगुणणं तेवढं 'बाकीच्या पेशंटना त्रास' ठरतं. वॉर्डबॉयला मी दोष देत नाही, त्याला कुणी दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं.

करोनात आपण याचं दुसरं टोक पाहिलं. आत कुणालाच सोडत नव्हते. तेव्हा कितीतरी सिस्टरांनी प्लास्टिकच्या पोशाखात, घामाने निथळत, आपल्या हाताने रुग्णाच्या कानाला फोन लावून धरला. पलीकडून कुणी हाक मारत होतं, कुणी आरती म्हणत होतं, कुणी नुसतं रडत होतं. नियमात हे कुठेच नव्हतं, पण त्यांना गरज कळली. त्या दिवसांत जे अपवाद म्हणून झालं, ते साध्या दिवसांत नियम म्हणून करायला कुणाची हरकत आहे?

आपल्याकडे उपशामक सेवेची, म्हणजे रोग हटत नसला तरी त्रास हलका करणाऱ्या सेवेची, चांगली ठाणी आहेत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, आणि त्याची एक शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. परळच्या टाटा रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे. पण जिल्हा बदलला की सेवा संपते. केरळने वेगळी वाट धरली. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केलं, ते पुढे गल्लीगल्लीतल्या स्वयंसेवकांच्या हातात गेलं, आणि २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरणच केलं. शेजारपाजारची माणसं, शिक्षक, दुकानदार, गृहिणी, थोडं शिक्षण घेऊन घरोघर जातात. जखम धुतात, बसतात, बोलतात.

महाराष्ट्रात अशी माणसं गोळा करायचीसुद्धा गरज नाही. ती आधीच गोळा झालेली आहेत. गावागावात भजनी मंडळ आहे, महिला मंडळ आहे. एकादशीला जमतात, सप्ताहाला जमतात, तिरडीपुढे चालतात. त्यांना मरणाची भीती नाही, मरणाच्या घरात कसं वागायचं हे कळतं, आणि गळा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात २००० साली केट मंगर यांनी मरणाऱ्यांच्या खाटेपाशी गाणारी छोटी गायकवृंदं सुरू केली. दोघी-तिघी जणी खाटेभोवती बसून अगदी हलक्या आवाजात, वाद्यांशिवाय गातात. त्यांना गायला माणसं जमवावी लागली. आपल्याला जमलेल्या माणसांना फक्त सांगायचं आहे, की टाळ-पखवाज घरी ठेवा, तिघंच या, खाली बसा, आवाज निम्म्याहून निम्मा करा, आणि त्यांना काय ऐकायचंय ते आधी विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आशाताईंना गावात कोण शेवटाला टेकलंय हे माहीत असतंच. दोन्ही टोकं बांधायला सरकारी निधी लागणार नाही, एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मनावर घेतलं तरी पुरे.

'त्यांना काय ऐकायचंय' हे शब्द मी सहज लिहिलेले नाहीत. आपली पहिली चूक तिथेच होते. म्हातारं माणूस म्हटलं की आपण त्याला विठ्ठल लावून देतो. पण विठ्ठल सगळ्यांचा नसतो. ज्याने आयुष्यभर जयंतीला भीमगीतं गायली, त्याच्या कानाशी बुद्धवंदना आणि ती गीतंच हवीत. गोव्यातल्या ख्रिस्ती आजीला कोंकणी प्रार्थना हव्यात. तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेल्या माणसाला ढोलकी ऐकवली तर त्यात अमंगळ काय आहे? कुणाला रेडिओवरची जुनी हिंदी गाणी हवी असतील, कुणाला नाट्यपदं. ज्या बायकांनी जात्यावर दळण दळलं, त्यांच्या पोटात शेकडो ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या, म्हणून निदान त्या तरी राहिल्या. तुमच्या आजीच्या त्यात नसतील. त्या तिच्याबरोबर जाणार, आणि जाताना तिला त्यांतली एखादी ऐकवणारंही कुणी उरलेलं नसेल. स्मृतिभ्रंशात मुलांची नावं विसरलेली माणसं गाण्याचं एक कडवं न चुकता पूर्ण करतात, हे अनेक घरांनी पाहिलंय. ओळख जिथे शेवटची टिकून असते, तिथे आपण दुसऱ्याचंच गाणं घेऊन जातो.

कुणाला काहीच नको असेल. तोही हक्क आहे. मला शांतता द्या, खिडकी उघडी ठेवा, चिमण्या ऐकू देत, असं कुणी म्हटलं तर गाणाऱ्याने उठून यावं. आणि मोबाइल काढून त्या गाण्याचा व्हिडिओ करू नये. मरणाऱ्याला नको म्हणता येत नाही.

म्हणून विचारायचं ते तब्येत धड असताना. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालात माणसाला आपल्या शेवटाच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायचा हक्क दिला. कोणतं यंत्र लावायचं, कोणतं नाही, कुणी निर्णय घ्यायचा. जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेतलं की झालं. यात गाण्याचा रकाना नाही, आणि कायद्यात तो घालावा असंही मी म्हणत नाही. पण तो कागद करायला बसतो तेव्हा घरात जे बोलणं निघतं, तसं दुसऱ्या कशाने निघत नाही. त्याच्या मागे एक साधी चिठ्ठी जोडता येते. मला हे ऐकवा. हे लावू नका. अमक्याला बोलवा, त्याचा आवाज मला आवडतो. रुग्णालयाच्या दाखल करण्याच्या अर्जात ॲलर्जी, जुने आजार, विमा विचारतात, त्याखाली ही एक ओळ वाढवायला कागद पुरेसा आहे.

गाण्याचा उपयोग बसलेल्या माणसालाही होतो, आणि हे कमी महत्त्वाचं नाही. मरणाऱ्याजवळ बसल्यावर हात काय करावेत कळत नाही. पाय चेपावेत, तर सूज आहे. पाणी द्यावं, तर ठसका लागतो. माणूस मग फोन बघतो किंवा पुन्हा बाहेर जाऊन डॉक्टरांना तेच विचारतो. गाणं असेल तर करायला काहीतरी असतं. वहिनी आजही म्हणते, मावशीच्या त्या दहा मिनिटांत आपणही सोबत असायला हवं होतं. अकरा दिवसांच्या धावपळीतली तिला तेवढीच वेळ आठवायला आवडते.

गेल्या दिवाळीत मी आईला विचारलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ठणठणीत आहे. चकलीचं पीठ मळत होती. विचारताना माझाच आवाज जरा कापला. ती मान वर न करता म्हणाली, सकाळची आकाशवाणी लाव, भक्तिगीतं असतात ती. बातम्या लागायच्या आत बंद कर. मग सोऱ्यात पीठ भरता भरता थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, तुझे बाबा शाळेत असताना स्काउटचं एक कवायतीचं गाणं म्हणायचे, ते तुझ्या काकांना अजून पाठ आहे, त्यांना एकदा म्हणायला लाव. मला काही ते गाणं माहीत नव्हतं. काका ब्याऐंशीचे आहेत. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि वहीत ते उतरवून घेतलं, तीन कडवी, चालीसकट. चौथं त्यांना आठवेना. दोन दिवसांनी रात्री दहाला त्यांचा फोन आला, आणि नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांनी ते फोनवर म्हणून दाखवलं.